रॅचेटचा स्क्रूड्रायव्हर निवडताना आणि वापरताना

साधा स्क्रूड्रायव्हर म्हणजे मुठीत घट्ट बसवलेली पोलादाची अखंड कांब. मनगट जेवढे फिरते तेवढेच टोक फिरते आणि टोक जेवढे फिरते तेवढाच स्क्रू फिरतो. रॅचेटच्या आणि बिट बदलता येणाऱ्या स्क्रूड्रायव्हरमध्ये हीच कांब दोन ठिकाणी तोडून पुन्हा सांधलेली असते. एक सांधा मुठीपाशी असतो, तेथे रॅचेट, म्हणजे मुठीचा जोर एकाच दिशेने दांड्याला देणारी दातेरी रचना, बसतो. दुसरा टोकापाशी असतो, तेथे बिट, म्हणजे स्क्रूच्या खाचेत जाणारे सुटे टोक, अडकतो. या सांध्यांमुळे मिळणारी सोय मोठी आहे, परंतु या हत्याराविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळही तेथेच असते. म्हणून विकत घेताना वेष्टनावर छापलेला बिटांचा आकडा वाचण्याआधी हे दोन सांधे हातात घेऊन तपासावेत असे माझे मत आहे, आणि ते तपासायचे तर आत काय घडते याची थोडी कल्पना हवी.

आधी रॅचेट. कोपर वाकवून मूठ धरली तर हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दीडशे अंश फिरतो, आणि त्यातही जोर लावून सहज फिरवता येईल असा भाग फार तर एकतृतीयांश फेऱ्याचा असतो. आता एम ४ या मापाचा, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचा, नेहमीचा यंत्रस्क्रू (तयार आट्यांत बसणारा स्क्रू) घेऊ. त्याच्या दोन आट्यांमधील अंतर ०.७ मिलिमीटर असते, म्हणजे तो २० मिलिमीटर आत न्यायचा असेल तर जवळजवळ २९ फेरे द्यावे लागतात आणि हाताला ८५ हून अधिक वेळा पीळ द्यावा लागतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने काम करताना प्रत्येक पिळानंतर मूठ सैल करायची, हात मागे न्यायचा आणि पुन्हा पकडायचे, असे चालते. रॅचेट असला म्हणून यांतील एकही पीळ वाचत नाही. वाचते ती केवळ पकड सोडण्याची क्रिया. मूठ हातातच राहते, हात मागे येतो, दांडा मात्र जागीच थांबतो, आणि त्यामुळे टोक खाचेतून निसटण्याचे प्रसंगही कमी होतात. काम भराभर होते असे जे वाटते ते बहुतांशी यामुळेच.

मुठीच्या आत एक दातेरी चाक असते आणि स्प्रिंगने त्यावर दाबून धरलेले एक किंवा अधिक खटके असतात. एका दिशेने फिरवले की खटका दातात अडकतो आणि मुठीचा जोर दांड्यापर्यंत पोहोचतो. उलट दिशेने फिरवले की तो दातांच्या उतारावरून टकटक करत घसरत जातो. मुठीच्या गळ्याशी असलेली कडी किंवा कळ हे ठरवते की कोणता खटका कामाला लावायचा. तिच्या तीन जागा असतात: एक आवळण्याची, एक सोडवण्याची आणि मधली बंद जागा. मधल्या जागेवर रॅचेट दोन्ही दिशांना अडकलेला असतो आणि हत्यार साध्या स्क्रूड्रायव्हरसारखे वागते. ही मधली जागा अनेकांना निरुपयोगी वाटते. माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ज्या हत्यारात ती नाही ते मी घेणार नाही.

वेष्टनावर दातांची संख्या ठळकपणे लिहिलेली असते. तिचा अर्थ सरळ आहे: ३६० ला दातांच्या संख्येने भागले की खटका पुढच्या दातात पडण्यासाठी हात किती अंश मागे न्यावा लागतो ते कळते. २४ दात असतील तर १५ अंश, ३६ असतील तर १० अंश आणि ७२ असतील तर ५ अंश. मोकळ्या जागेत या फरकाचे काही वाटत नाही, कारण तेथे हात एकदम साठ-सत्तर अंश फिरतोच. खोक्याच्या कोपऱ्यात, ओट्याखाली किंवा फळीच्या मागे हात जेमतेम वीस अंश हलतो तेव्हा मात्र बारीक दात उपयोगी पडतात. १५ अंशांच्या रॅचेटमध्ये त्या वीसपैकी पाच अंश दर फेरीला फुकट जातात, तर ५ अंशांच्या रॅचेटमध्ये सगळे वीस कामी येतात. याची दुसरी बाजू अशी की त्याच आकाराच्या चाकावर दात वाढवले की प्रत्येक दात लहान आणि उथळ होतो, आणि तो भार सोसायचा असेल तर एकाच वेळी अधिक खटके अडकतील अशी रचना करावी लागते. काही हत्यारांत दातांऐवजी पाचरीसारखे अडकणारे रोळ असतात. ती आवाज करत नाहीत आणि जवळजवळ कोणत्याही कोनात पकड घेतात. थोडक्यात, दातांची संख्या हा गुण आहे, परंतु केवळ तिच्यावरून बळकटीचा अंदाज बांधता येत नाही.

ज्या गुणाचा आकडा वेष्टनावर कधीच छापलेला नसतो तो म्हणजे परतीची ओढ. हात मागे येत असताना खटके दातांवर घासत असतात, आणि त्या घर्षणामुळे दांडाही थोडा मागे ओढला जातो. स्क्रू लाकडात घट्ट रुतलेला असेल तर तो या ओढीला दाद देत नाही. परंतु यंत्रस्क्रू आट्यांत नुकताच दोन फेरे गेलेला असेल, किंवा काढताना अगदी सैल झालेला असेल, तर स्क्रूचे स्वतःचे घर्षण या ओढीपेक्षा कमी पडते. मग पुढच्या पिळात जेवढा स्क्रू आत जातो तेवढाच परतीच्या पिळात बाहेर येतो, आणि माणूस बराच वेळ मूठ फिरवत राहतो, स्क्रू मात्र जागेवरच. रॅचेट बिघडला आहे असे वाटून लोक वैतागतात. वास्तविक तो ठरल्याप्रमाणेच काम करत असतो. उपाय दोन आहेत. एक म्हणजे सुरुवातीचे व शेवटचे फेरे रॅचेट बंद ठेवून द्यावेत. दुसरा म्हणजे मोकळ्या हाताच्या दोन बोटांनी दांडा हलकेच धरावा, म्हणजे मूठ मागे आली तरी दांडा थांबतो. यासाठीच चांगल्या हत्यारांच्या दांड्यावर खडबडीत किंवा खाचा पाडलेली कडी असते, आणि सैल स्क्रू नुसती ती कडी बोटांनी फिरवून क्षणात आत नेता येतो.

ही ओढ दुकानातच तपासता येते. बिट बसवावा, त्याचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अगदी हलके धरावे आणि मूठ उलट दिशेने हळूहळू फिरवावी. बोटांच्या नाजूक पकडीतही बिट स्थिर राहिला तर रॅचेट हलका आहे. बोटांना जोर लावावा लागला किंवा बिट सोबत फिरू लागला, तर ते हत्यार लहान स्क्रूंसाठी त्रासदायक ठरेल. त्यानंतर कळ मधल्या जागेवर ठेवून मूठ किंचित डावी-उजवीकडे हलवून पाहावी. थोडी हालचाल सर्वच रॅचेटमध्ये असते, परंतु ती डोळ्यांना स्पष्ट दिसण्याएवढी असेल तर आतले भाग सैल जुळवलेले आहेत असे समजावे. कळही तपासावी. ती एका हाताच्या अंगठ्याने हलवता आली पाहिजे आणि तरीही काम करताना तळव्याच्या धक्क्याने आपोआप सरकता कामा नये.

दुसरा सांधा टोकाचा. बहुतेक हत्यारांत बिटाचा मागचा भाग षट्कोनी असतो आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते. हे माप जगभर रूढ आहे, म्हणून एका उत्पादकाचा बिट दुसऱ्याच्या स्क्रूड्रायव्हरमध्ये बसतो. ज्या हत्यारात फक्त त्याच उत्पादकाचे, वेगळ्या आकाराचे बिट चालतात ते टाळलेले बरे, कारण त्यातला एक बिट हरवला की संच अपुरा राहतो. मोबाइल, चष्मा किंवा घड्याळ यांच्या सूक्ष्म स्क्रूंसाठी ४ मिलिमीटरचे बारीक बिट येतात. त्यांचे हत्यार वेगळेच असावे. मोठ्या रॅचेटच्या मुठीने एवढे लहान स्क्रू पिळले तर किती जोर लागतो आहे याचा हाताला अंदाजच येत नाही, आणि स्क्रूचे डोके तुटून हातात येते.

बिट दोन प्रकारांनी धरला जातो. बिट ज्या नळीत बसतो तिच्या तळाशी लोहचुंबक असतो किंवा बाजूला स्प्रिंगने दाबलेली कडी अथवा गोळी असते. लोहचुंबकाचा दुहेरी फायदा असा की लोखंडी स्क्रूही टोकाला चिकटून राहतो आणि एका हाताने काम करता येते. पितळेचे आणि स्टेनलेस स्टीलचे बहुतेक स्क्रू मात्र त्याला दाद देत नाहीत. चुंबक कमजोर असेल तर बिट घट्ट खाचेत अडकून स्क्रूवरच राहतो आणि नळी रिकामी बाहेर येते. चुंबकाचा एक उपद्रवही आहे. नळीच्या तळाशी लोखंडाचा कीस साचतो, बिट पूर्ण आत बसत नाही आणि वाकडा उभा राहतो. असे झाले की चिकट मातीचा किंवा चिकटपट्टीचा गोळा आत दाबून कीस उचलून घ्यावा. बिट बसवल्यावर टोक धरून हलवून पाहावे. नळीत बिट डुलत असेल तर टोक वर्तुळात फिरते आणि खाचेच्या कडा खाऊ लागते. आणखी एक अडचण लोकांना घरी आल्यावर कळते. बिट धरणारी नळी बिटापेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे खोल आणि अरुंद भोकात बसवलेल्या स्क्रूपर्यंत ती पोहोचतच नाही. तेथे लांब बिट लागतो किंवा साधा लांब स्क्रूड्रायव्हर.

आता टोकाचा आकार, कारण खरे काम तेथे होते. अधिकच्या चिन्हाची खाच दिसली की ‘प्लसचा’ बिट लावायचा, अशी आपली समजूत असते, परंतु ती खाच एकाच प्रकारची नसते. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये ज्या खाचेची पेटंट मिळाली ती फिलिप्स. तिच्या भिंती तळाकडे निमुळत्या होत जातात. भिंती तिरप्या असल्यामुळे जोर वाढला की बिट वर चढून बाहेर पडू पाहतो, आणि तो बाहेर पडू नये म्हणून पिळण्याबरोबरच दाबावेही लागते. पुढे आलेल्या पोझिड्राइव्ह खाचेच्या भिंती जवळजवळ उभ्या असतात, म्हणून तिच्यात घसरणे कमी. ओळखण्याची खूण अशी की पोझिड्राइव्ह स्क्रूच्या डोक्यावर मुख्य चार रेघांच्या मधोमध, ४५ अंशांवर, चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. कपाटांच्या लपवलेल्या बिजागऱ्यांवरचे समायोजनाचे स्क्रू बहुधा याच जातीचे असतात. बिजागरीत फिलिप्सचा बिट घातला तर तो आत जातो, बसल्यासारखाही वाटतो, पण दार सरळ करण्यासाठी जोर लावला की कर्र असा आवाज होतो आणि खाचेच्या कडांवर चमकदार ओरखडा उमटतो. असे तीन-चारदा झाले की तो स्क्रू कोणत्याच बिटाला दाद देत नाही. पीझेड २ चा, म्हणजे पोझिड्राइव्हच्या २ क्रमांकाचा, एक चांगला बिट जवळ असला तर हा सगळा त्रास टळतो.

आकाराइतकेच मापही महत्त्वाचे. फिलिप्सची मापे पीएच या अक्षरांनी लिहितात: एम २.५ आणि एम ३ च्या स्क्रूंना पीएच १ लागतो, एम ४ आणि एम ५ ना पीएच २, तर एम ६ ला पीएच ३. पीएच १ चे टोक पीएच २ च्या खाचेत सहज शिरते आणि तळाशी टेकते, परंतु भिंतींना पुरेसे लागत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्समध्ये हा धोका अधिक लपलेला आहे. टॉर्क्स ही खाच १९६७ मध्ये आली. तिच्या भिंती उभ्या असल्यामुळे ती बिट बाहेर ढकलत नाही आणि पकड उत्तम देते. परंतु टी २० ची रुंदी ३.८६ मिलिमीटर असते आणि टी २५ ची ४.४३, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. टी २५ च्या स्क्रूत टी २० घातला तर तो बसतो, थोडा फिरतो आणि जोर लावताच पाकळ्या खातो. नियम सोपा आहे: आधी मोठ्या मापाचा बिट लावून पाहावा, तो शिरला नाही तरच लहान घ्यावा. स्क्रू हातात आडवा धरून बिट त्यात खोचावा. जुळणारा बिट स्वतःच्या वजनाने गळून पडत नाही आणि डुलतही नाही.

चाळीस-पन्नास बिटांचे संच पाहून मोह होतो, हे मी जाणतो. परंतु त्यांतील बहुतेक बिट वर्षानुवर्षे डब्यातच राहतात आणि जे चार-पाच रोज लागतात तेच मऊ पोलादाचे निघाले तर सगळा संच वाया जातो. चांगल्या पोलादाचे आठ-दहा बिट पुरेसे आहेत: पीएच १ आणि पीएच २, पीझेड २, चपट्या खाचेचे दोन, टॉर्क्सचे तीन-चार आणि एखादा षट्कोनी. मुठीत बिट ठेवण्याची जागा असावी, पण झाकण घट्ट असावे आणि प्रत्येक बिट आपल्या खाचेत रुतून बसावा. उघडल्याबरोबर सगळे बिट तळहातावर ओतणारी मूठ शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या काय कामाची?

मुठीची जाडी ही तर थेट जोराची बाब आहे. हाताची पकड तेवढीच राहिली तर ३६ मिलिमीटर जाडीची मूठ २४ मिलिमीटरच्या मुठीपेक्षा दीडपट पीळ देते. मात्र बोटे मुठीभोवती नीट वळली पाहिजेत. लहान हातांना जाड मूठ उलट कमी जोर देते. मुठीचा मागचा शेवट गोल आणि मोकळा फिरणारा असला तर तळव्याने दाबताना कातडी घासत नाही.

वापरताना मधल्या जागेचे महत्त्व कळते. घट्ट बसलेला स्क्रू सोडवताना पहिला धक्का नेहमी रॅचेट बंद करून द्यावा आणि स्क्रू हलला की मगच कळ सोडवण्याच्या बाजूला न्यावी; आवळतानाही शेवटचा पीळ बंद जागेवरच द्यावा. बहुतेक रचनांमध्ये बंद जागेवर दोन्ही बाजूंचे खटके अडकलेले असतात आणि खटका अर्धवट पडून दातावरून सुटण्याची भीती राहत नाही. माझ्या पहिल्या रॅचेटला हे न कळल्याचा भुर्दंड बसला. दाराच्या गंजलेल्या कडीचा स्क्रू काढायला मी कळ सोडवण्याच्या जागेवर ठेवून दोन्ही हातांनी हिसका दिला. आत काहीतरी कडकन वाजले आणि माझी बोटे चौकटीवर आपटली. त्यानंतर ते हत्यार हलक्या स्क्रूंना चालायचे, पण जरा जोर आला की दात सोडायचे. गंजलेल्या स्क्रूसाठी रॅचेट वापरूच नये, आणि त्याच्या मुठीवर हातोडी तर कधीच मारू नये. तेथे गंज सुटण्याचे तेल घालून थोडा वेळ थांबावे आणि अखंड दांड्याचा जाड स्क्रूड्रायव्हर घ्यावा.

दाब आणि पीळ यांचे प्रमाणही सांभाळावे लागते. फिलिप्सच्या खाचेत जोर जेवढा पिळण्यात जातो त्याहून अधिक दाबण्यात जावा, विशेषतः स्क्रू सोडवताना. दांडा आणि स्क्रू एका रेषेत हवेत. रॅचेटने हात झपाट्याने चालतो आणि त्या झपाट्यात मूठ नकळत तिरपी होते. लाकडात स्क्रू घालताना आधी थोडे बारीक भोक पाडून घेतले तर लाकूड फाटत नाही आणि रॅचेटवरचा भारही कमी होतो.

प्लास्टिकच्या खोक्यात जुना स्क्रू परत बसवताना एक युक्ती उपयोगी पडते, आणि ती रॅचेट बंद ठेवूनच जमते. स्क्रू भोकात उभा ठेवावा, बिट हलकेच टेकवावा आणि प्रथम उलट दिशेने, म्हणजे सोडवण्याच्या बाजूने, सावकाश फिरवावे. एका ठिकाणी स्क्रू किंचित खाली टपकल्याचे बोटांना जाणवते, कधी बारीक टक्क असा आवाजही येतो. त्या क्षणी स्क्रूचा आटा जुन्या आट्याच्या तोंडाशी आलेला असतो. तेथून आवळायला सुरुवात केली तर तो जुन्याच वाटेने सरकतो. असे न करता सरळ पिळले तर स्क्रू नवी वाट कापतो, आणि दोन-तीनदा उघडझाक झाली की भोकात आटेच उरत नाहीत.

विजेच्या कामाविषयी स्पष्ट सांगायला हवे. मूठ प्लास्टिकची आहे म्हणून हत्यार विजेपासून सुरक्षित ठरत नाही. दांडा, नळी आणि बिट उघडे धातूचे असतात आणि रॅचेटचे धातूचे भाग मुठीच्या आतपर्यंत गेलेले असतात. विद्युतरोधक हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे मानक आहे आणि त्यानुसार तपासलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्ट असे छापलेले असते. ती खूण नसेल तर पुरवठा बंद करून आणि तो बंद झाल्याची टेस्टरने खात्री करूनच हात लावावा.

देखभाल फारशी नाही. रॅचेट धुळीने जड झाला तर बाहेरून पुसावा आणि उघडता येत असेल तर आतले जुने वंगण काढून पातळ ग्रीसचा अगदी थोडा थर द्यावा. जाड ग्रीस भरले की खटके त्यात चिकटतात, दातात वेळेवर पडत नाहीत आणि हत्यार भर जोरात सुटते. बिटांकडे मात्र वरचेवर पाहावे. पीएच २ सर्वांआधी झिजतो, कारण तोच सर्वाधिक वापरला जातो. त्याच्या चार पात्यांच्या कडा गोल आणि चमकदार दिसू लागल्या की तो परत मुठीत ठेवू नये, टाकून द्यावा. नाहीतर घाईच्या वेळी नेमका तोच हाती येतो आणि पुढच्या स्क्रूची खाच बिघडवतो. त्याचे दोन-तीन जादा नग आधीच घेऊन ठेवलेले असले की टाकताना हात अडखळत नाही.